छोट्यांचे टीव्ही कार्यक्रम ताडून पाहताना: आधी काय, नंतर काय आणि कुठे चुकतं

दोन-तीन कार्यक्रमांतून मुलासाठी एक निवडायचा म्हटलं की बहुतेक पालक तीन गोष्टी पाहतात. मूल समोर किती वेळ शांत बसतं, पडद्यावर अंक-अक्षरं किती येतात आणि मूल नंतर काय काय घडाघडा म्हणून दाखवतं. या तिन्हींवरून कार्यक्रमाचं शिक्षणमूल्य कळत नाही. शांत बसण्यावरून फार तर लक्ष वेधलं गेलं एवढं कळतं. पडद्यावरच्या अक्षरांवरून निर्मात्याचा हेतू कळतो. आणि पाठ म्हणून दाखवणारं मूल समजून म्हणतंय की नुसतं चालीवर, हे वेगळं तपासावं लागतं.

तुलना करायची ती पडदा बंद झाल्यावर मुलाकडे काय उरतं याची. त्यासाठी खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने घ्या. थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारणं, म्हणजे मुलाला टीव्हीसमोर बसवून "आवडलं का?" विचारणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. तसं केल्यावर मागे वळून पहिले टप्पे करता येत नाहीत, कारण मुलाने कार्यक्रम पाहिलेला असतो.

## तयारी

### टप्पा १: वय आणि हेतू कागदावर लिहा

वय आधी. साधारण अडीच-तीन वर्षांखालची मुलं समोरच्या माणसाकडून जेवढं शिकतात तेवढं पडद्यावरून शिकत नाहीत. तीच कृती प्रत्यक्ष करून दाखवली आणि व्हिडिओत दाखवली, तर व्हिडिओ पाहिलेल्या लहान मुलांना ती कमी जमते. संशोधक याला 'व्हिडिओ डेफिसिट' म्हणतात. म्हणून दीड वर्षाच्या मुलासाठी कोणता कार्यक्रम जास्त शिकवतो, या प्रश्नात वेळ घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, आणि २ ते ४ या वयात दिवसाला १ तासाच्या आत, जितकं कमी तितकं चांगलं.

वय बदललं की त्याच कार्यक्रमाचा निकालही बदलतो. लिनबार्गर आणि वॉकर या संशोधकांनी २००५ मध्ये अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांचं टीव्ही पाहणं आणि भाषा यांची सांगड तपासली. 'डोरा द एक्सप्लोरर' आणि 'ब्लूज क्लूज' पाहणाऱ्यांचा शब्दसंग्रह जास्त आढळला, 'टेलिटबीज' पाहणाऱ्यांचा कमी. 'सेसमी स्ट्रीट' पाहणाऱ्या या लहानग्यांचं बोलणंही कमी आढळलं, आणि हा तर थोड्या मोठ्या, ३ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी सर्वाधिक तपासला गेलेला आणि उपयोगी ठरलेला कार्यक्रम! अशा अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण 'चांगला कार्यक्रम' हे वय न सांगता म्हणता येत नाही, एवढं नक्की.

मग हेतू, आणि तो एकच:

- नवे शब्द आणि बोलणं
- अक्षरं, ध्वनी, अंक
- विचार करून कोडं सोडवणं
- भावना ओळखणं, राग आवरणं, इतरांशी वागणं

'डॅनियल टायगर्स नेबरहूड' हा भावनांसाठी बेतलेला कार्यक्रम आहे, 'ब्लूज क्लूज' खुणांवरून तर्क लावायला शिकवतो. आकडे कोण जास्त शिकवतं म्हणून या दोघांची तुलना केली, तर निकाल काहीही लागो, निरर्थकच असेल.

थांबा, तपासा: तुमचा हेतू एका वाक्यात बसतोय का? "भाग पाहिल्यावर मुलाला … करता यावं" ही रिकामी जागा क्रियापदाने भरा. 'हुशार व्हावं' असं उत्तर आलं तर हा टप्पा पुन्हा करा.

### टप्पा २: भाग निवडा, पण आवडीने नव्हे

प्रत्येक कार्यक्रमाचे तीन पूर्ण भाग घ्या. पहिलाच भाग घेऊ नका, त्यात पात्रांची ओळख करून देण्यात वेळ जातो. सर्वाधिक पाहिला गेलेला भागही टाळा. यादीतून डोळे मिटून बोट ठेवा. एका कार्यक्रमाचा गाजलेला भाग आणि दुसऱ्याचा हाती लागेल तो, अशी तुलना करून एका पारड्यात आधीच वजन टाकलं जातं.

व्हिडिओ साइटवरचे तुकडे जोडून केलेले तासभराची संकलनं चालणार नाहीत. गोष्ट कापून फक्त गाणी शेजारी शेजारी लावली की धडा ज्या प्रसंगाला टांगलेला होता तो प्रसंगच गळून पडतो. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय आधीच बंद करा.

डबिंग केलेला भाग असेल आणि हेतू अक्षर-ध्वनीचा असेल, तर तो यादीतून काढा. चित्र मूळ भाषेतल्या शब्दाचं राहतं आणि कानावर येणारा शब्द भलत्याच अक्षराने सुरू होतो. भावना किंवा कोडी या हेतूंना डबिंगचा एवढा अडथळा होत नाही.

### टप्पा ३: मुलाला आधीपासून काय येतं ते नोंदवा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. मग तिसऱ्या दिवशी मूल त्रिकोण ओळखतं आणि श्रेय कार्यक्रमाला जातं. त्रिकोण त्याला आधीच येत असेल तर?

निवडलेल्या भागांत जे शिकवलंय, तेवढंच कार्यक्रम दाखवण्याच्या एक-दोन दिवस आधी खेळता खेळता तपासा. परीक्षा घेतल्यासारखं नको. आकड्यांचं उदाहरण घेऊ. मुलाला "दहापर्यंत म्हण" सांगू नका. समोर चमचे ठेवा आणि म्हणा, "मला चार दे." तीन-साडेतीन वर्षांची पुष्कळ मुलं दहापर्यंत बिनचूक म्हणतात आणि चार मागितले की मूठभर उचलून देतात. त्यांच्याकडे आकड्यांची ओळ आहे, अजून संख्या नाही. एक मागा, मग दोन, मग तीन. मूल कुठे अडखळतं तो आकडा लिहून ठेवा. पुढची सगळी तुलना त्या आकड्यावर उभी राहणार आहे.

भावनांसाठी चेहऱ्यांची चित्रं दाखवून "याला काय वाटत असेल? का बरं?" एवढं पुरतं. शब्दांसाठी भागातले पाच-सहा अनोळखी शब्द निवडा आणि वस्तू किंवा चित्र दाखवून विचारा.

## मोठ्यांनी एकट्याने करायची पाहणी

### टप्पा ४: मूल झोपल्यावर, हातात घड्याळ घेऊन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक भाग दोनदा बघावा लागेल, पहिल्यांदा आवाज बंद करून आणि नंतर आवाजासह.

आवाज बंद करून पाहताना गोष्ट कितपत कळते ते बघा. छोटी मुलं चित्रावर फार विसंबतात. धडा फक्त संवादात असेल आणि चित्रात त्याच वेळी भलतंच काही पळत असेल, तर मूल पळणाऱ्या गोष्टीकडे बघणार, हे गृहीत धरा. शब्द शिकवायचा तर शब्द कानावर पडताना ती वस्तू पडद्यावर हवी, आधी-नंतर नको.

आवाजासह पाहताना चार नोंदी करा.

*पहिली नोंद: धडा गोष्टीत विणलेला आहे की वरून चिकटवलेला?* याची सोपी चाचणी अशी: मनातल्या मनात धडा काढून टाका. गोष्ट तरीही तशीच पुढे जाते का? समजा, एक पात्र हरवलेलं पिल्लू शोधतंय आणि मध्येच थांबून कुंपणावरची फुलं मोजतं. फुलं मोजली नाहीत तरी पिल्लू सापडणारच असतं. हा धडा चिकटवलेला. त्याऐवजी 'तिसऱ्या दारामागे पिल्लू आहे' असं कळलेलं असेल, तर दारं मोजल्याशिवाय गोष्ट हलत नाही. शालोम फिश यांनी २००० साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे. मुलाची विचार करण्याची ताकद मर्यादित असते आणि ती गोष्ट समजून घेण्यात आधी खर्च होते. धडा गोष्टीपासून लांब असला की त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. माझ्या मते एकच नोंद करायला वेळ असेल तर ही करा.

*दुसरी नोंद: प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबतात?* अनेक कार्यक्रमांत पात्र कॅमेऱ्याकडे बघून विचारतं, "लाल चेंडू कुठे आहे?" आणि लगेच म्हणतं, "बरोबर!" घड्याळ लावून बघा. लहान मुलाला प्रश्न ऐकायला, पडदाभर नजर फिरवायला आणि तोंड उघडायला काही सेकंद लागतात. त्याचं बोट उठायच्या आत 'बरोबर' आलं, तर तो प्रश्न मुलासाठी नव्हताच. 'ब्लूज क्लूज'मध्ये सूत्रधार विचारून खरोखर थांबायचा. १९९६ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाची जडणघडण याच थांबण्यावर होती, आणि प्रत्येक भागाचा मसुदा आधी मुलांसमोर तपासला जायचा.

*तिसरी नोंद: वेग आणि अद्भुत घटना.* एका मिनिटात दृश्य किती वेळा बदलतं ते मोजा. २०११ साली अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी ६० चार वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काहींनी ९ मिनिटं 'स्पंजबॉब' हे वेगवान कार्टून पाहिलं, काहींनी संथ वास्तववादी कार्टून, तर काहींनी चित्रं रंगवली. लगेच नंतर थांबणं, लक्षात ठेवणं, नियम पाळणं अशी कामं दिल्यावर 'स्पंजबॉब' पाहिलेली मुलं मागे पडली. त्यात सरासरी ११ सेकंदांनी दृश्य बदलत होतं, संथ कार्टूनमध्ये ३४ सेकंदांनी. लिलार्ड यांच्या २०१५ च्या पुढच्या कामात मात्र वेगापेक्षा अशक्य घटनांची भरमार जास्त जड जाते असं दिसलं. म्हणून नुसत्या वेगावर शिक्का मारू नका. प्रत्यक्षात घडूच शकत नाही असं एका भागात किती वेळा घडतं, तेही मोजा. आणि 'स्पंजबॉब' मुळात बालवाडीच्या वयासाठी नव्हतं, हेही ध्यानात असू द्या.

*चौथी नोंद, फक्त वागणुकीच्या धड्यांसाठी: भांडणाला किती मिनिटं, समेटाला किती?* बहुतेकांचा अंदाज इथे साफ चुकतो. अकरा मिनिटांच्या भागात नऊ मिनिटं पात्रं एकमेकांना चिडवतात, वगळतात आणि शेवटच्या मिनिटात माफी मागतात. मोठ्यांना शेवट लक्षात राहतो. मुलाने मात्र नऊ मिनिटं चिडवण्याच्या तऱ्हा पाहिलेल्या असतात. 'क्लिफर्ड' या मालिकेत तीन पायांच्या कुत्र्याचा एक भाग आहे, वेगळं दिसणाऱ्यांना सामावून घ्या असं सांगणारा. मेरी-लुईस मॅरेस आणि एमिली अकोस्टा यांनी २००८ साली तो बालवर्गातल्या मुलांना दाखवून तपासलं. माणसांना लागू पडेल असं तात्पर्य फार थोड्या मुलांना काढता आलं. काहींनी घेतलेला धडा तीन पायांच्या कुत्र्यापुरताच राहिला.

सावधान: मालिकेच्या जाहिरातीत 'तज्ज्ञांच्या सल्ल्याने' असं लिहिलेलं असणं ही पाचवी नोंद नाही. सल्ला घेतला होता का, यापेक्षा तो भागात दिसतो का, हे तुम्ही आत्ताच मोजलंय.

या टप्प्यात एखादा कार्यक्रम चारांपैकी तीन नोंदींत स्पष्ट मागे पडला, तर त्याला इथेच बाद करा. मुलाचा पडद्याचा वेळ त्यावर खर्च करायची गरज नाही.

## मुलासोबत

### टप्पा ५: सारख्या परिस्थितीत दाखवा

दोन्ही कार्यक्रम त्याच वेळेला, तशाच मनःस्थितीत दाखवा. एक सकाळी ताज्या डोक्याने आणि दुसरा संध्याकाळी पेंगत, हे चालणार नाही. एका आठवड्यात एकच कार्यक्रम घ्या.

एकच भाग लागोपाठ काही दिवस दाखवायला घाबरू नका. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. 'ब्लूज क्लूज'चा एकच भाग आठवड्याचे पाचही दिवस दाखवला जायचा, तो याच कारणाने. पाचदा पाहिलेल्या मुलांची समज एकदाच पाहिलेल्यांपेक्षा वाढली आणि ती पडद्याला उत्तरंही जास्त देऊ लागली, असं १९९९ च्या अभ्यासात आढळलं. एकदा दाखवून 'काहीच शिकला नाही' म्हणणं म्हणूनच घाईचं ठरतं.

पहिल्या फेरीत तुम्ही शेजारी बसा, पण गप्प. मुलाकडे बघा, पडद्याकडे नको. प्रश्नाला उत्तर देतंय का? बोट दाखवतंय का? नजर कुठे सुटते? 'सेसमी स्ट्रीट'च्या तयारीच्या काळात संशोधक एडवर्ड पामर यांनी टीव्हीशेजारी काही सेकंदांनी बदलणारी चित्रं दाखवून मुलांची नजर कधी ढळते ते टिपलं होतं. घरी शेजारी एखादं आवडतं खेळणं ठेवलं तरी पुरे. धड्याच्या जागी मूल खेळण्याकडे वळतंय आणि धावपळ सुरू झाली की परत पडद्याकडे, असं वारंवार झालं तर त्या भागातला धडा मुलापर्यंत पोहोचत नाहीये.

सावधान: मोठ्यांच्या बातम्या किंवा मालिका मागे चालू ठेवून मूल खेळत असेल, तर तोही पडद्याचाच वेळ आहे. मागे चालू असलेल्या टीव्हीने १ ते ३ वर्षांच्या मुलांचा एकेक खेळ लवकर तुटतो, हे २००८ साली प्रयोगात दिसलं. मूल टीव्हीकडे फारसं बघत नसलं तरी. तुलनेच्या आठवड्यांत तो टीव्ही बंदच राहू दे.

### टप्पा ६: टीव्ही बंद झाल्यावर विचारा, पण 'काय शिकलास?' असं नको

या प्रश्नाला तीन-चार वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं. ते गाणं म्हणेल किंवा "कुत्रा पडला" म्हणेल, आणि तुम्ही निराश व्हाल.

भाग संपल्यावर थोडं खेळू द्या. मग या क्रमाने जा:

1. गोष्ट कळली का? "त्याला काय हवं होतं? मग त्याने काय केलं?" गोष्टच कळली नसेल तर पुढचं विचारण्यात अर्थ नाही.
2. टप्पा ३ मधली तीच कृती. पुन्हा चमचे, पुन्हा "चार दे". आधी तीनवर अडखळणारं मूल आता कुठे अडखळतं?
3. वेगळ्या जागी जमतं का? कार्यक्रमात तारे मोजले असतील तर इथे मोजे मोजायला द्या. पात्राने रागात खोल श्वास घेतला असेल, तर खेळातल्या बाहुलीला राग आलाय असं सांगून "आता हिने काय करावं?" विचारा. ताऱ्यांपुरतंच येत असेल तर मुलाला तो भाग आठवतोय, एवढंच म्हणता येईल.
4. दुसऱ्या दिवशी तिसरा प्रश्न नव्या वस्तूंवर पुन्हा.

उत्तर चुकलं तर दुरुस्त करू नका. दुरुस्त केलंत की पुढच्या वेळी जे येईल ते तुम्ही शिकवलेलं असेल, कार्यक्रमाने नव्हे. मन आवरत नाही हे खरं, पण हा एक आठवडा आवरा.

तपासा: मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधतंय का? तसं असेल तर दुसऱ्या कुणाला विचारायला सांगा, किंवा हातातल्या बाहुलीला 'काही येत नाही' असं सांगून मुलाला तिला शिकवायला लावा.

### टप्पा ७: दुसरी फेरी, बोलत बोलत

आता तेच भाग पुन्हा, पण गप्पा मारत. "हा का रडतोय?" "तुला असं कधी झालं होतं का?" भाग थांबवून विचारलंत तरी चालेल. एरिक रासमुसेन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात 'डॅनियल टायगर्स नेबरहूड' पाहणाऱ्या मुलांची सहानुभूती आणि भावना ओळखण्याची क्षमता वाढलेली दिसली, पण ज्या घरांत मुलांशी टीव्हीबद्दल वरचेवर बोललं जात होतं, तिथेच.

म्हणूनच दोन्ही फेऱ्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. गप्पा मारत पाहिलेल्या एका कार्यक्रमाची गप्प पाहिलेल्या दुसऱ्याशी तुलना केली, तर तुम्ही स्वतःच्या गप्पांना गुण देताय.

## निर्णय

### टप्पा ८: बेरीज करू नका

सगळ्या नोंदींना गुण देऊन बेरीज करण्याचा मोह होतो. त्यात गाण्यांचे दोन गुण न थांबणाऱ्या प्रश्नांचा तोटा झाकून टाकतात. त्याऐवजी उतरत्या क्रमाने बघा. सहाव्या टप्प्यातला तिसरा आणि चौथा प्रश्न, म्हणजे वेगळ्या जागी आणि दुसऱ्या दिवशी जमणं, कुठे जास्त दिसलं? तो कार्यक्रम पुढे. बरोबरी झाली तर चौथ्या टप्प्यातली पहिली नोंद निर्णायक. तिथेही बरोबरी असेल तर ज्यानंतर मूल त्या विषयावर आपणहून खेळतं, तो घ्या.

तुमच्या घरी नेहमी कुणी शेजारी बसू शकत नसेल, तर पहिल्या, गप्प फेरीचा निकाल धरा. रोज सोबत पाहणार असाल तर दुसऱ्या फेरीचा. एकाच वयाच्या मुलांसाठी दोन घरांत दोन वेगळे कार्यक्रम सरस ठरू शकतात, त्यात काही गैर नाही.

हा निकाल इतर मुलांना लावू नका. धाकट्या भावंडासाठी तर मुळीच नाही, कारण पहिल्या टप्प्यातलं वयच वेगळं आहे. याच मुलासाठीही सहाएक महिन्यांनी टप्पा ३ पुन्हा करा. मूल चमच्यांच्या ढिगातून सात बिनचूक मोजून देऊ लागलं, की पाचपर्यंत शिकवणाऱ्या मालिकेकडे त्याला शिकवण्यासारखं काही उरत नाही. तोवर त्या मालिकेची फार सवय झाली असेल तर ती एकदम तोडू नका. तिचा एक भाग राहू द्या आणि त्याच्या आधी नव्या कार्यक्रमाचा भाग लावा. आवडता भाग नंतर ठेवला की नवा बघताना मूल कमी कुरकुरतं.